पायाखालचा गालिचा भिंतीवर

९ ऑगस्ट

प्रिय दादा,

गालिचा पोचला. पोचवणाऱ्या माणसाने चार जिने चढून तो खांद्यावरून आणला, दारात टेकवला आणि घाम पुसत म्हणाला, "बाई, आत माणूस-बिणूस गुंडाळलाय की काय?" त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, तेव्हा कुठे तो माणसात आला.

दोऱ्या सोडून गालिचा पसरला आणि मी तिथेच फतकल मारून बसले. जुनी किनार कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते, शोधून सापडत नाही रे! आधी चष्मा लावून पाहिलं, मग खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीला हाक मारली. तिने उलटा केला, सुलटा केला आणि मलाच विचारलं, "यात दुरुस्त काय केलंय?" घे, आणखी काय शाबासकी हवी? चार महिने लावलेस म्हणून मागच्या पत्रात कुरकुर केली होती, ती मुकाट्याने परत घेते.

आता एक सांगायचंय. रागावू नकोस. हा गालिचा आम्ही आता जमिनीवर घालणार नाही. भिंतीवर लावायचा विचार आहे. झोपायच्या खोलीत पलंगासमोरची भिंत मोकळी पडलीय, अगदी ओकीबोकी. हल्ली बरेच लोक लावतात म्हणे. शिलाईवालीही म्हणाली, खोलीला शोभा येईल. कसा लावायचा तेवढं कळव. खिळे ठोकायचे का? किती?

हे बरे आहेत. हल्ली मी काहीही म्हटलं की "बरोबर" म्हणतात.

तुझा कान कसा आहे? फोन करावासा रोज वाटतो, पण मागे मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तू विचारलंस, "कोण बोलतंय?" तेव्हापासून पत्रच बरं असं ठरवलंय.

तुझी,
धाकटी


१६ ऑगस्ट

धाकटे,

भिंतीवर?

पत्र दोनदा वाचलं. आधी वाटलं, तुझ्या अक्षराचा दोष असेल. मग कारखान्यातल्या रंगाऱ्याला वाचायला दिलं. तोही म्हणाला, "भिंतीवरच लिहिलंय."

अगं, मी गालिचा विणला होता, कॅलेंडर नव्हे! शिकारी लोक मेलेल्या वाघाचं कातडं भिंतीला टांगतात. गालिचा काय मेलाय? लोकर पायाखाली जाऊन जाऊन मऊ होते, तिला चमक येते. तुझ्या घरातल्या गालिच्याला अडतीस वर्षांत जी चमक आलीय, ती मी कुठल्या रंगात बुडवून आणणार होतो? बावीस वर्षांचा होतो, एकट्याने पहिल्यांदा पुरा विणलेला गालिचा. अकरा महिने लागले. तुझ्या लग्नात दिला तेव्हा म्हणालो होतो, "धाकटे, तुझ्या घरात तुझे पाय कधी गार पडायचे नाहीत." आता भिंतीवर लावून काय, भिंतीचे पाय ऊबदार करणार आहेस?

आणि खिळे! खिळ्यांचं नाव काढलंस तेव्हा माझ्या छातीत कळ आली. 'किती' म्हणून वर विचारतेस!

लोक लावतात म्हणून लावायचा असेल तर लोकांच्या घरात लाव. किनार आता पक्की आहे. मुकाट्याने बैठकीत अंथर, पूर्वी होता तिथे.

कानामात्रांना नमस्कार सांग. लग्नाच्या पत्रिकेत स्वतः नवरदेव असून ज्या गृहस्थाने सात चुका काढल्या आणि ती पुन्हा छापायला लावली, तो मुद्रितशोधक आता बायकोचं सगळं 'बरोबर' म्हणतो? अडतीस वर्षांनी नवरा असं म्हणायला लागला तर दोनच शक्यता. एकतर तू सुधारलीस, नाहीतर तो ऐकत नाही. तुला लहानपणापासून ओळखतो म्हणून म्हणतो, दुसरी.

दादा


२२ ऑगस्ट

प्रिय दादा,

पत्र वाचून हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. ह्यांनाही वाचून दाखवलं. वाघाच्या कातड्यापाशी आले तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले.

पण गालिचा भिंतीवरच जाणार आहे. हट्टीपणा आपल्या दोघांना एकाच आईकडून आलाय, त्यात माझा वाटा थोडा मोठा आहे हे तू जाणतोस. बैठकीत ऊन येतं, धूळ येते, येणाराजाणारा चपला घालून वावरतो. पाय तर आता सगळ्यांचेच जुने झालेत. गालिचा जपावासा वाटला, त्यात माझं काय चुकलं?

खिळ्यांबद्दल माफी. ठोकले नाहीत अजून. सुतार बुधवारी येणार होता, त्याला थांबवून ठेवलाय. तेव्हा लवकर सांग, काय करू. भिंत आठ फूट रुंद आहे, विटांची. गालिचा फार उंच नको. पलंगावर पडल्यापडल्या मान न उचलता सगळा दिसला पाहिजे, खालची किनारसुद्धा. खिडकी डाव्या हाताला आहे, ऊन थेट येत नाही.

बाकी ठीक. तुझं काम कसं चाललंय? डोळ्यांना ताण देत नाहीस ना?

तुझी,
धाकटी


२९ ऑगस्ट

धाकटे,

हरलो. सुताराला ताटकळत ठेवणं बरं नव्हे, म्हणून आधी काम सांगतो.

गालिच्याला उभे धागे असतात, तो ताणा. सगळा भार त्याच्यावर. म्हणून ताणा उभा राहील असाच टांगायचा, आडवा नाही. लव कुठल्या दिशेला बसते ते हात फिरवून बघ. मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा हात जिकडे गुळगुळीत जाईल ती बाजू खाली. उलटा लावलास तर धूळ आत बसेल आणि रंग काळवंडलेले दिसतील.

खिळा एकही नको. शिलाईवालीला सांग, चार बोटं रुंदीची जाड सुती पट्टी घे आणि गालिच्याच्या मागून वरच्या कडेला शीव, परकराला नेफा असतो तसा. टाका ताण्याच्या धाग्यातून घ्यायचा, नुसत्या लोकरीतून नाही. लोकरीत घेतलास तर महिन्याभरात गालिचा आपल्याच वजनाने फाटेल. नेफ्यातून लाकडाची गुळगुळीत दांडी घालायची. सुताराने भिंतीत तीन आकडे पक्के बसवायचे आणि दांडी त्यावर ठेवायची. भिंत आणि गालिचा यांच्यात बोटभर जागा हवी, वारा खेळला पाहिजे. पंधरा दिवसांनी मऊ कुंचल्याने वरून खाली झाड. काठीने बडवलास तर माझ्याशी गाठ आहे.

झालं काम. आता माझं विचारतो.

पलंगावर पडल्यापडल्या कोण बघणार आहे? तू आयुष्यात दुपारी आडवी झालेली मला आठवत नाही. ताप आला तरी ओट्याशी उभी. आणि मान न उचलता? खालची किनारसुद्धा? हे काही शोभेचं बोलणं नव्हे. हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माप आहे. पुन्हा लिहितेस, पुष्कळ दिवसांनी हसले. गालिचा एप्रिलमध्ये अचानक पाठवलास, तेव्हाही मला नवल वाटलं होतं. दोन वर्षं मी मागत होतो, तेव्हा 'बघू, बघू' चाललं होतं.

धाकटे, तुला काय झालंय? खोटं लिहिलंस तर मला कळेल. ऐकू येत नसलं तरी वाचता येतं.

दादा


४ सप्टेंबर

दादा,

मला काही नाही झालं. मी धडधाकट आहे. ह्यांना झालंय.

मार्चच्या तीन तारखेला सकाळी मी ओट्याशी होते. बैठकीत धप्प आवाज आला. धावत गेले तर हे गालिच्यावर पडलेले, उजवा पाय त्या फाटक्या किनारीत अडकलेला, तोंड वाकडं, डोळे उघडे. अर्धांगाचा झटका. अठरा दिवस दवाखान्यात होतो. उजवा हात अजून उचलत नाही. उजवा पाय ओढत, काठी आणि माझा खांदा धरून न्हाणीपर्यंत जातात आणि परत पलंगावर. आणि वाचा गेली, दादा. एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी "बरोबर", दुखलं तरी "बरोबर", माझ्यावर चिडून हात आपटतात तेव्हाही "बरोबर". दुसऱ्यांच्या लिहिण्यातलं अक्षर न् अक्षर तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाकडे स्वतःचा असा तेवढाच शब्द राहिलाय. मी तुला विनोदासारखं लिहिलं, कारण दुसरं कसं लिहू ते कळेना. तूही विनोदानेच उत्तर दिलंस. बरंच झालं.

डॉक्टरांना विचारलं, पाय अडकून पडले म्हणून झटका आला, की झटका आला म्हणून पडले? ते म्हणाले, "सांगता येत नाही, आणि आता विचारून उपयोग नाही." पण मी रोज विचारते. वर्षभर हे म्हणत होते, "ती किनार दादांकडे पाठव, कुणाचा तरी पाय अडकेल." तूही मागत होतास. आणि मी 'बघू, बघू' करत होते. घर उघडंबोडकं दिसेल म्हणून. चार महिने गालिचा नसेल तर कसंसंच वाटेल म्हणून! दवाखान्यातून घरी आणलं, त्यानंतर दोनच आठवड्यांत मी तो गुंडाळून तुझ्याकडे पाठवला. नजरेसमोर नको झाला होता.

तुला कळवलं नाही, कारण मला माहीत होतं, तू म्हणशील, माझ्या गालिच्याने माणूस पाडला.

मग भिंतीवर का? ऐक. व्यायाम घ्यायला एक बाई येतात, त्यांनी सांगितलंय, घरात जमिनीवर पायपुसणंसुद्धा नको. पण गालिचा गेल्यापासून ह्यांनी वेगळाच ध्यास घेतला. बैठकीत नेलं की रिकाम्या फरशीकडे बोट दाखवायचे आणि "बरोबर, बरोबर" म्हणत रडायचे. मला वाटलं, त्या जागेची भीती बसलीय. मी बैठकीत नेणंच बंद केलं. पण तुझ्याकडून गालिचा आला आणि मी पलंगापाशी उलगडला, तेव्हा त्यांनी डावा हात लोकरीत खुपसला आणि तासभर काढला नाही. दिवसभर त्या मोकळ्या भिंतीकडे बघत पडलेले असतात. म्हटलं, बघायचंच आहे तर हे बघू देत.

रागाव हवं तर. पण लिही.

धाकटी


९ सप्टेंबर

धाकटे,

रागावलो नाही. सहा महिने तू एकटी हे सगळं उचलत होतीस आणि मी तुला वाघाचं कातडं लिहीत होतो.

तुझा अंदाज खरा आहे. पहिला विचार तोच आला. विणताना त्या कडेचा ताणा मी सैल ठेवला होता. कारागीर म्हणाले होते, उसवून पुन्हा घाल. लग्नाची तारीख जवळ आली होती, मी घातला नाही. म्हणून ती किनार आधी झिजली. तेव्हा तुझ्या 'बघू, बघू'च्या आधी माझं 'चालतंय' येतं. पाय अडकला असेल तर पहिला दोष माझा. तू तुझ्यावर घेऊ नकोस.

गालिचा लवकर लाव. त्यांना हवा तिथे, हवा तेवढा खाली. नेफ्याचा टाका ताण्यातून घ्यायला विसरू नका.

मी यायला हवं होतं. पण इथे कामाचा ढीग पडलाय, कारखान्यातून हलता येत नाही. जमलं की येईन.

त्यांच्या डाव्या हातावर माझ्या वतीने हात ठेव.

दादा


२७ सप्टेंबर

दादा! दादा! दादा!

ताबडतोब बस आणि वाच. उभ्याने वाचू नकोस.

गालिचा मागच्या शुक्रवारी लागला. शिलाईवालीला नेफा शिवायला दोन दिवस लागले, तिची बोटं सोलवटली, पण टाका ताण्यातूनच घेतला. सुताराने आकडे बसवले. दांडी चढवताना मी, सुतार आणि शिलाईवाली, तिघांनी गालिचा उचलला आणि हे पलंगावरून डाव्या हाताने खुणा करत होते. वर, आणखी वर, डावीकडे. लागला तेव्हा खोलीच बदलली. अडतीस वर्षं आपण त्याच्यावरून चालत होतो, त्यात काय काय आहे ते मी बघितलंच नव्हतं रे. मधे ते गडद लाल, आणि चारी कडांना ती पांढरी फुलं. चहाचा कप घेऊन मीही संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसायला लागले. आवाजसुद्धा मऊ झालाय खोलीतला.

चार दिवस हे नुसते बघत होते. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. मला ती नजर ओळखीची वाटत होती पण लक्षात येत नव्हती. काल सकाळी त्यांना दाढीचा साबण लावत होते, तर माझा हात बाजूला सारला. भिंतीकडे बोट. खालचा उजवा कोपरा. म्हटलं, "काय हवं? कोपरा? सुटलाय का?" मान हलवली, नाही. ओठ जुळवत होते, सुटत होते. अर्ध्या तोंडाला साबण, घाम फुटलेला. मी म्हटलं, "राहू दे, नंतर सांगा." तर पुन्हा माझा हात ढकलला आणि म्हणाले,

"चूक."

दादा, मी साबणाचा ब्रश टाकला. म्हटलं, "काय म्हणालात?"

"चूक. फूल. चूक."

धावत कोपऱ्यापाशी गेले. तुझ्या सगळ्या फुलांना आठ पाकळ्या आहेत. सगळी मोजली, शिलाईवालीनेही मोजली. त्या कोपऱ्यातल्या एका फुलाला सातच आहेत! मी वळून म्हटलं, "सात?" तर हे हसले. वाकडं तोंड, साबण, आणि ते हसू. वाचायची नजर होती ती, दादा! गालिचा तपासत होते चार दिवस, ओळीओळीने, छपाईला जाणारं पान तपासावं तसा.

व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा त्यांना म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. आज सकाळी "पाणी" आलंय. आणि मला माझ्या नावाने हाक मारायला गेले आणि "पाटी" म्हणाले. चालेल! पाटी तर पाटी.

तू गुपचूप ती गंमत करून ठेवली होतीस का? त्यांनी शोधावी म्हणून? अडतीस वर्षांपासूनची आहे?

तुझी,
पाटी


६ ऑक्टोबर

धाकटे,

पत्र रंगाऱ्याकडून वाचून घेतलं. तो वाचता वाचता थांबला तेव्हा मी त्याला पाणी दिलं. मग हे उत्तर सांगताना मी थांबलो, तेव्हा त्याने मला दिलं. हे पत्रही मी सांगतोय आणि तोच लिहितोय, म्हणून अक्षर बरं आहे.

ती गंमत नव्हे. म्हणालो असतो गंमत, आणि तू विश्वास ठेवला असतास. पण तू मला सगळं खरं लिहिलंस, तेव्हा माझीही पाळी आहे. जुनी चूक नाही ती. जुन्या फुलाला आठ पाकळ्या होत्या. तो कोपरा मी या उन्हाळ्यात नव्याने विणला आणि सातच घातल्या. मला दिसलंच नाही.

वर्षभर डोळ्यांवर साय धरलीय. दोन्ही डोळ्यांवर. आधी बारीक गाठी दिसेनात, मग तपकिरी आणि गडद लाल एकच दिसायला लागले. तुझ्या गालिच्याला चार महिने लागले ते कामाच्या ढिगाने नाही. तेवढं एकच काम होतं माझ्याकडे. रंगारी लोकर निवडून द्यायचा आणि मी बोटांनी चाचपून गाठी मारायचो. कारखान्यात मला आता नुसती लोकर गुंडाळायला बसवतात. चांगली माणसं आहेत, घरी बस म्हणत नाहीत. तुझी मागची पत्रं मी दुपारच्या उन्हात, भिंग घेऊन, एकेक शब्द वाचली. वाचता येतं अशी फुशारकी मारली होती, तेव्हाही भिंग हातात होतं.

म्हणून येत नव्हतो. गाडीवरची पाटी वाचता येत नाही, तर मी कुठल्या गाडीत चढणार?

पन्नास वर्षं हे काम केलं आणि शेवटच्या कामात फूल चुकलो. कानामात्रांनी पकडलं. त्यांच्याशिवाय कोण पकडणार? त्यांना सांग, चूक मान्य आहे. सुधारणं आता माझ्या हातून होणार नाही.

दादा


११ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "डोळा. डोळा. जा." मग उशीवर डावी मूठ आपटून पुन्हा "जा!" जेवताना, पाणी पिताना, दर दहा मिनिटांनी. हा आठवडा घरात एवढा एकच विषय आहे.

आता माझं ऐक. साय नाही ती, मोतीबिंदू आहे. शिलाईवालीच्या सासूचा काढला, दुसऱ्या दिवशी तिने सुनेच्या कानातलं पाहून विचारलं, "हे कधी घेतलंस?" अर्ध्या तासाचं काम असतं. आणि तू वर्षभर चाचपडत बसलास! मला म्हणतोस, एकटीने उचललंस. मग तू काय केलंस? आपण दोघे एकमेकांना सुखी ठेवण्यासाठी किती थापा मारतो रे!

रंगाऱ्याला माझा नमस्कार. रंगारीदादा, हे तुम्ही वाचत असाल तर कृपा करा आणि माझ्या भावाला दंडाला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. नाही म्हणाला तर उचलून न्या. मला ह्यांना सोडून येता येत नाही, नाहीतर मीच आले असते. तारीख ठरली की मला कळवा.

आणि दादा, तू त्या फुलाला लाजतोस. मी तर रोज सकाळी उठल्यावर आधी त्या कोपऱ्याकडे बघते.

धाकटी


३ डिसेंबर

दादा,

तुझा दुसरा डोळाही झाला हे रंगारीदादांच्या पत्रावरून कळलं. पट्टी निघाली की हे सोबतचं पत्र स्वतः वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. ह्यांनी डाव्या हाताने लिहिलंय. बारा दिवस लागले. रोज सकाळी दोन ओळी, मग थकून झोप. मी मदत करायला गेले की पाठ फिरवतात. मी अजून वाचलं नाही, कारण त्यांनी आधी तुझं नाव पाकिटावर घालायला लावलं आणि समोर बसून चिकटवून घेतलं.

धाकटी


(त्याच पाकिटात)

दादा,

मी दाराशी ऊभा होतो. हातातला कागद पडला. उचलायला वाकलो. हात गेला नाही. मग पाय गेला. मग पडलो.

पाय किनारित नंतर अडकला. पडल्यावर.

डोकं गालिच्यावर आपटलं. खाली फरशी होती. गालिचा नसता तर मी नसतो.

हे मार्चपासुन सांगतोय. बैठकीत बोट दाखवून सांगत होतो. तोंडातून बरोबर येत होतं.

धाकटिला सांगा. मला तिच्याकडे बघून सांगता येत नाही. रडू येतं.

तुमचा
कानामात्रा


१२ डिसेंबर

कानामात्रा,

पट्टी परवा निघाली. दोन्ही डोळ्यांनी पहिलं काय पाहिलं असेल तर रंगाऱ्याचं तोंड. इतका म्हातारा कधी झाला म्हणून विचारलं तर त्याने माझ्यासमोर आरसा धरला.

दुसरं पाहिलं ते तुमचं पत्र. बाहेर उन्हात खुर्ची टाकून, भिंगाशिवाय वाचलं. पाच वेळा वाचलं. धाकटीचं सप्टेंबरचं पत्र आल्यापासून मी कारखान्यात गालिच्यावर पाय ठेवत नव्हतो. कडेकडेने फरशीवरून चालायचो, लोक हसायचे. काल दुपारी कारखान्यातल्या सगळ्यांत मोठ्या गालिच्यावरून, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आणि परत आलो. कुणाला काही सांगितलं नाही.

तुमच्या पत्रात चार चुका आहेत. नवे डोळे आहेत, तेव्हा मोजल्या. पत्र तसंच ठेवणार आहे.

धाकटे, आता हे तुला, आणि पुढचं त्यांच्यासमोरच वाच. त्यांनी मला काय लिहिलं ते सोबतच्या कागदावर जसंच्या तसं उतरवून काढलंय. चूक तुझ्या 'बघू, बघू'ची नव्हती, माझ्या सैल ताण्याचीही नव्हती. तो गालिचा तिथे होता म्हणून ते आज आहेत. गेले नऊ महिने ते तुला हेच सांगत होते आणि तुला वाटलं, त्यांना भीती बसलीय. वाचून झालं की त्यांच्याजवळ बस. बोलू नकोस काही. दोघांनीही बोलू नका.

मी सोमवारी दुपारच्या गाडीने येतोय. पाटी वाचता येते. सुया, कात्री, फणी आणि पांढरी लोकर पिशवीत भरलीय. फुलाचं काय करायचं ते तिघांनी मिळून ठरवू. त्यांना सुधारून हवं असेल तर आठव्या पाकळीची पहिली गाठ त्यांच्या उजव्या हाताला मारायला लावीन. व्यायामाच्या बाईंना विचारून ठेव. चालत असेल तर महिनाभर राहीन. नसेल चालत तरी राहीन.

स्टेशनवर कुणी येऊ नका, चार जिनेही मी माझ्या पायांनी चढेन. फक्त एक कर. बेल वाजली की तू धावत येऊ नकोस. दार त्यांना उघडू दे. काठी घेऊन, भिंतीला धरून, जसे येतील तसे. वेळ लागला तर लागू दे. मी बाहेर उभा आहे.

तुझा,
दादा